बिननावाच्या दोन तबकड्या

मी, एझेकिएल अगस्टस बेकफोर्ड, धंद्यातले नाव कर्नल, वय एकाहत्तर, राहणार जोन्स टाउन, किंग्स्टन, जमैका, माझ्या अंगणात आंब्याखाली बसून स्वहस्ते लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. कान ठिकाणावर नाहीत, पण त्याचा दाखला कोणी मागितला नाही. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही, मुलगी मर्लीन सोडून. ती सकाळपासून समोर उभी आहे. मला ऐकू येत नाही म्हणून लाउडस्पीकरच्या काळ्या पेटीवर खडूने लिहिते आहे, "पपा, आधी तबकड्यांचं लिहा."

तबकड्यांचे शेवटी लिहीन. मृत्युपत्र माझे आहे.

कलम पहिले. दोन खोल्यांचे घर मर्लीनला. वादळात उडालेला छपराचा एक पत्रा शेजाऱ्याच्या कुंपणाला लागला आहे. तो आपलाच आहे, तोही तिला.

कलम दुसरे. माझ्या साउंडच्या, म्हणजे रस्त्यावर गाणी लावून नाच भरवायच्या धंद्यातल्या, कपाटाएवढ्या दोन पेट्या शिल्लक आहेत. एक भाचा डेल्रॉयला. तिच्यात त्याने कोंबड्या बसवल्या आहेत, त्या आधी काढाव्यात. या पेटीने अख्खा रस्ता नाचवलेला आहे, तिच्यात अंडी घालणे शोभत नाही. दुसरी, खडूची, मर्लीनला.

कलम तिसरे. ॲम्प्लिफायर कोणाला द्यावा ते सुचत नाही. नंतर पाहू.

कलम चौथे. हबर्ट पिनॉक, साउंडवाला, राहणार चार घरे पलीकडे, यास मी काहीही देत नाही. कारण लिहिणे भाग आहे. देश स्वतंत्र व्हायच्या सुमारास स्का नावाच्या आमच्या नाचाच्या संगीताचा ठेका नुकता जन्माला आला होता आणि ज्याच्याकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेले गाणे, त्याचेच मैदान भरायचे. म्हणून आम्ही सगळेच साउंडवाले तबकडीवरचे नाव पाण्यात भिजवून पात्याने खरवडून टाकत असू, गाणे कोणाचे ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. पिनॉक काय करायचा? आपल्या बहिणीला माझ्या नाचाला पाठवायचा. ती हातात ग्लास घेऊन नाचत नाचत माझ्या यंत्रापाशी यायची आणि मान वाकडी करून खरवडल्यावर उरलेली अक्षरे वाचायची. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. तेव्हा पिनॉकलाच साक्षीदार करावे असे मी ठरवले. तो अकराला येणार आहे.

कलम पाचवे. तबकड्या. मर्लीन, आता पेटीवर थापा मारू नकोस, माझ्या हाताला समजतात.

माझी बायको इसिल्डा माझ्याच नाचांना मासे आणि बामी, म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या भाकऱ्या, तळायची आणि तळताना गायची. स्वातंत्र्याच्या वर्षी मी तिला स्टुडिओत नेले. स्टुडिओतली भाड्याची मंडळी वाजवायला होती. गाणे सुरू करायची वेळ आली तेव्हा ड्रमवाला सिगारेट पेटवत बसलेला. इसिल्डा थांबली नाही. तिने एकटीनेच सुरू केले, मंडळी मागाहून धावत आली.

यंत्रवाला म्हणाला, "बाई, ड्रमवाला चुकला. पुन्हा म्हणा."

"चुकला तो आणि पुन्हा म्हणू मी? माझं तेल तापत असेल तिकडे. मी चालले." आणि खरेच गेली.

मग तेच गाणे, तीच मंडळी घेऊन, चर्चमध्ये गाणाऱ्या व्हेरोना नावाच्या मुलीकडून म्हणवून घेतले. मी दोघींच्या गाण्याची एकेक तबकडी तिथेच कोरून घेतली. की व्हेरोनानेच एकटीने सुरू केले होते आणि इसिल्डा दुसऱ्याच कशावरून भांडली? भांडायची ती रोजच. आता लिहिताना पहिली हकीकत खरी वाटते, वाचताना दुसरी.

या तबकड्या कारखान्यात छापलेल्या नाहीत. मऊ असतात, प्रत्येकीची प्रत एकच. सुई फिरेल तसतशा झिजतात, शेवटी नुसता चुरचुराट उरतो. नवा झेंडा चढला त्या आठवड्यात मी इसिल्डाचीच तबकडी लावली. लोक पत्र्याचे कुंपण बडवून पुन्हा पुन्हा मागत होते. ती कढईपाशी पाठ करून उभी होती. म्हणाली, "पुरे की, एझेकिएल! बाईचा आवाज आहे तो, नळ नाही." पुढच्या वर्षी मर्लीन झाली आणि मर्लीन रांगायच्या आत इसिल्डा तापाने गेली. त्यानंतर मी ती लावली नाही. आधी लावता आली नाही आणि पुढे माझ्याच पेट्यांनी माझे कान खाल्ले.

नावे अर्थातच खरवडलेली होती. काठावर खिळ्याने खुणा केल्या होत्या, इसिल्डाच्या तबकडीला एक ओरखडा, व्हेरोनाच्या दोन. पण पिनॉकच्या बहिणीला खुणांचा पत्ता लागला असा मला संशय आला, म्हणून मी जास्तीचे ओरखडे ओढले. आज एकीवर दोन आहेत, एकीवर तीन. कोणत्या तबकडीवर किती वाढवले ते आठवत नाही. चोराला चकवायला गेलो. चोर आलाच नाही, चकलो मी.

म्हणून लिहितो: दोन्ही तबकड्या मर्लीनला. दोन्ही आईच्या समजाव्यात.

मर्लीनने वाचले आणि खडू मोडेपर्यंत दाबून लिहिले, "मी आईचा आवाज कधी ऐकला नाही. चुकीच्या बाईला आई समजून जन्मभर ऐकत बसू का?"

मला ओळखता येईल, पण ऐकू येत नाही. तिला ऐकू येते, पण ओळखता येत नाही. दोन्ही येणारा एकच माणूस या रस्त्यावर उरला आहे आणि तो कलम चारमधला आहे. झेंड्याच्या त्या आठवड्यात तो माझ्या कुंपणाबाहेर ऐकत उभा होता, हे मला माहीत आहे. मला फार राग येतो आहे.

वरील वाक्य खोडलेले समजावे. अकरा वाजले, पिनॉक आला, टोपी घालून. माझ्यासमोर त्याने आजवर कधी टोपी काढलेली नाही. मर्लीनने त्याला सगळे सांगितले. त्याने खडू घेतला. "ओळखून दिलं तर मला काय देशील, कर्नल?"

मी म्हणालो, "काही नाही. तू साक्षीदार आहेस."

तो पोट धरून हसला. मी ॲम्प्लिफायर तापवला. दोन ओरखड्यांची तबकडी लावली, मी पेटीवर तळहात ठेवला. ड्रम लगेच हाताला लागला. पिनॉकने मान हलवली, नाही. मी सुई उचलली.

तीन ओरखड्यांची लावली. हाताला काहीच नाही. मी ओरडलो, "मर्लीन, तार सुटली, बघ!" ती माझ्याकडे बघेना. पिनॉककडे पाहिले तर त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. तेव्हा हातात ड्रम आला, धावत, मागाहून.

सुई मी उचलली नाही. झिजली तर झिजू दे. मर्लीनने पेटीला कान लावला होता, गालाला सगळा खडू लागला. संपल्यावर तिने लिहिले, "ड्रम आला तेव्हा आई हसली."

हे मी साफ विसरलो होतो. ती हसली होती. मी रडलो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

कलम पाचवे, दुरुस्त. तीन ओरखड्यांची तबकडी मर्लीनला, आईची म्हणून. दोन ओरखड्यांची व्हेरोना जिथे असेल तिथे शोधून तिला किंवा तिच्या लेकरांना पोचवावी. तिचीही कोणी मुलगी असेल. ओरखडे तीन कसे झाले ते मला अजून कळलेले नाही, कोणी विचारू नये.

कलम तिसरे, राहिलेले. ॲम्प्लिफायर मर्लीनला. पिनॉकला द्यावासा वाटला, पण आता कायदा आड येतो.

याआधी मी काही लिहिले असल्यास ते रद्द. यापुढे काही लिहिणार नाही, जे सांगायचे ते एवढेच होते.

स्थळ: जोन्स टाउन, किंग्स्टन
दिनांक: १४ सप्टेंबर १९९१

सही: ए. ए. बेकफोर्ड (कर्नल)

साक्षीदार:
१. अव्हरिल टॉम्लिन्सन, शिवणकाम, शेजारीण. वाचून सही केली.
२. हबर्ट पिनॉक, साउंडवाला. ऐकून सही केली.