कागदावर होतं तेवढंच

एकोडी, तालुका साकोली
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शुभांगीताई,

नमस्कार. तू बरी असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहून राहिली. बरी नाही हे मले माहीत आहे.

इकडे सगळे ठीक. उन्हाळी धानाची रोवणी लागली. तलावाखालच्या बांधीत सकाळपासून बाया रोपं लावत असतात. आईचा गुडघा दुखते, तरी शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसते अन् तिथूनच सगळ्यायले शिकवते. तुझे बाबा, आमचे कवडूकाका, मात्र चहा अर्धा ठेवून उठतात. तू व्हायोलिनची पेटी इथेच टाकून नागपूरले गेली, तेव्हापासून ते तिच्याकडे पाहत नाहीत. खोलीत जायचं असलं की मले पाठवतात.

तुझं पार्सल मिळालं. कोशाची ओढणी. अवं, भंडाऱ्याचा कोसा नागपुरात घेऊन एकोडीले पाठवणारी तूच एक! रंग छान आहे. आईनं लगेच माझ्या खांद्यावर टाकून पाहिली अन् म्हणली, "शुभांगीले माया आहे बाई तुझी." आत तुझी चिठ्ठी होती. सरांच्या मैफिलीत तू मधातच हरवली, मी वाजवत राहिली म्हणून तुझी थोडी तरी अब्रू राहिली, माझे उपकार तू जन्मभर विसरणार नाही. अन् शेवटी, आता व्हायोलिन सोडलं, हातालेच भीती बसली.

उपकार! वाचून मी आधी हसली. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

फोन केला असता त तू रडली असती, अन् मी तोंडात मूग धरून बसली असती, नेहमीसारखी. म्हणून कागद घेतला. शाळेतल्या मराठीत नाही लिहीत, घरच्या बोलीत लिहून राहिली, म्हणजे तुले माझा आवाज ऐकू येईल.

त्या संध्याकाळी तू तुझ्या बाजूनं पाहिलं. आता पियानोच्या बाजूनं पाहा.

पुंडलिकराव सरांची पंचाहत्तरी. साकोलीतल्या त्यांच्या बंद राईस मिलचं गोदाम आपण दोघींनीच झाडलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींले पोते लावले. चिखल्याच्या खाणीतल्या कुण्या जुन्या साहेबाचा तो पियानो, सरांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाच्या तणसावर निजवून आणलेला, मधात ठेवला. पहिलं व्हायोलिन तुझं, दुसरं तुझ्या कॉलेजातल्या योगेंद्रचं, साथीले मी. अन् पहिल्या रांगेत तुझ्या निर्मला मॅडम. पुण्याच्या वाद्यवृंदात तुले घ्यायचं की नाही, ते त्या तिथेच ठरवणार होत्या. तू त पुण्याले न्यायची बॅगही पाहून ठेवली होती.

वाजवायची होती सरांनी लिहिलेली 'रोवणी'. त्यातली मोठी धून दोनदा येते. पहिल्यांदा ती मागे वळते, बाया एक बांधी झाली की धुऱ्यावर येऊन दुसरी धरतात तशी. दुसऱ्यांदा वळत नाही, सरळ शेवटाकडे जाते. कागद समोर असला की तू बरोबर वळते. कागद काढला की पहिल्याच वेळी शेवटाकडे उडी मारते. मधलं सगळं गायब. अन् तुले पत्ताच नसते! योगेंद्रचं वाजवणं तिथे थांबलेलं असते, अन् तो असला की तू कागद ठेवते, म्हणून त्यालेही समजलं नाही. रंगीत तालमीले सर आले तेव्हा तू कागद पाहून वाजवलं, म्हणून त्यायलेही दिसलं नाही.

दिसत होतं फक्त मले. आपल्या दोघींच्या तालमीत तू उडी मारली की मी तुझ्यामागे उडी मारत होती. तुझा पहिला सूर कानावर आला की माझे हात तिकडे पळत. सर म्हणतात, वाजवणारा चुकला त ती चूक साथवाल्यानं आपली करून घ्यायची. मी दरवेळी करून घेतली. तू उठून म्हणायची, "बघ व, पाठ झालं!" मी म्हणायची, "मस्त झालं ताई."

त्या संध्याकाळी तुझ्यापुढे कागद नव्हता, अन् मी उडी मारली नाही. कागदावर होतं तेवढंच वाजवलं.

तुझे सूर एकीकडे गेले, माझे एकीकडे. कसं घाणेरडं वाजलं ते, तुले आठवत असेल. तू माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. तू दोन-तीन सूर इकडचे तिकडचे चाचपले अन् गज खाली आला. मी वाजवत गेली. योगेंद्र त्याच्या जागेवर बरोबर आला, कारण मी बरोबर होती. तू मधात उभी, व्हायोलिन पोटाशी धरून. मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. टाळ्या पडल्या, पण कीव आल्यावर पडतात तशा.

मले मजा आली का? आली. खोटं कायले बोलू? घरी येऊन मी भात दोनदा घेतला.

आता तू विचारशील, काहून व गुंजन, मी तुझं काय केलं? विचार. त्याचीच वाट पाहून राहिली मी.

ताई, तू माझा डावा हात कधी नीट पाहिला का? करंगळी नाही, तिच्या बाजूचं बोट अर्धं. तू बोलताना सारखी माझ्या उजव्या हाताकडे पाहते. ओवाळतानासुद्धा. मले वाटायचं, तुले वाईट वाटते म्हणून असेल.

हात गेला त्या दिवशी मळणीच्या मशीनमध्ये धानाचे भारे लोटायची पाळी तुझी होती. मजूर आले नव्हते अन् कवडूकाका ओरडून राहिले होते. तू पांघरूण घेऊन पडली होती. "गुंजन, अंग तापलं माझं, आजच्या दिवस तू जा व." मी गेली. तुझ्या कपाळाले हात लावूनही पाहिला नाही, बहीण सांगते त खरंच असेल. दुपारी पट्ट्यानं ओढणीचं टोक धरलं, ते सोडवायले मी हात घातला. पुढचं तुले गावानं सांगितलंच असेल, कारण दवाखान्यात तू आली नाही. तुले ताप होता ना!

मग नागपूरच्या संगीत कॉलेजच्या प्रवेश परीक्षेले माझ्या जागी तू गेली. सरांनी मले दिलेलं व्हायोलिन घेऊन गेली. काका म्हणले, घरचं घरातच राहील. आई म्हणली, वाद्य पडून राहिलं की मरते. मी स्वतः पेटी तुझ्या हातात दिली. वरून साखर दिली तुझ्या हातावर! एवढी भोळी मी.

दिवाळीत सरांच्या घरी अनारसे तळून राहिली होती. सरांच्या शकुंतलाकाकू पीठ थापता थापता सहज म्हणल्या, "तुझा हात गेला त्या दुपारी शुभांगी इथेच होती पाहा. जेवायलेही उठली नाही, तुझीच पहिल्या व्हायोलिनची बाजू घोटून राहिली होती. देवालेच जसं काही आधी माहीत होतं!"

माझ्या हातातला झारा कढईत पडला. काकू ओरडल्या, "भाजलं का व?" मी म्हणली, नाही.

मशीन तू चालू केली नाही, हे मले समजते. एवढी भैताड नाही मी. माझा हात जाईल हे तुले माहीत नव्हतं. पण ताप नव्हता, हे माहीत होतं ना? तुले माझी बाजू येते हे सरांना दाखवायचं होतं, म्हणून तू मागच्या दारानं साकोलीले पळाली. ठीक आहे. पळाली. त्याच्यानंतर एवढे दिवस गेले, एकाच ताटात जेवलो, एकदा म्हणून पाहायचं, "गुंजन, मले ताप नव्हता व." मी रडली असती, तुले चार शिव्या दिल्या असत्या, तुझी वेणी ओढली असती, अन् विषय संपला असता. तू नाही म्हणली. तू गळ्यात पडून म्हणली, नशीब एकेकाचं.

पियानो मी जीव रमवायले शिकली, ते खरं आहे. सरांनी डाव्या हाताचं सगळं माझ्या बोटांपुरतं नव्यानं लिहून दिलं. पण तुझ्या साथीले मी बसली ती दिवाळीनंतर, सरांच्या मागे लागून. तुले वाटलं, केवढी मोठ्या मनाची बहीण.

अन् आता जे लिहायचं मगापासून टाळून राहिली ते लिहून टाकते.

कागदावर होतं तेवढंच वाजवलं, हे मी सरांनाही सांगितलं. लोक गेल्यावर त्यायनं पियानोचं झाकण लावलं अन् म्हणले, "तू तिच्यामागे गेली नाहीस." मी म्हणली, "सर, कागदावर होतं तेवढंच वाजवलं." ते म्हणले, "हो. कागद बरोबर होता." तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. पण त्यायलेही अर्धंच माहीत आहे.

तुझ्यापुढचा कागदाचा स्टँड कोणी काढायले लावला, ताई?

आदल्या दिवशी तू अंगणात माझ्यापुढे बसली होती, मी तुझे केस विंचरून राहिली होती. मीच म्हणली ना, "मॅडमसमोर कागद पाहून वाजवशील त शाळेतल्या पोट्टीसारखी दिसशील. पाठ आहे तुले. काढून टाक तो स्टँड." तू मान डोलावली. मी म्हणली, हलू नको, भांग वाकडा होईल. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी खरंखुरं केलं, वेणी घालता घालता.

घे. आता तुले सगळं माहीत झालं.

तुझी चिठ्ठी आली नसती त मी कधीच लिहिलं नसतं. पण बदला घ्यायचा अन् ज्याच्यावर घेतला त्यानंच हात जोडून उपकार मानायचे, त तो बदला कायचा? अन् वरून तू व्हायोलिन सोडून राहिली म्हणे! वा व वा! त्या दुपारी तू खोटा ताप आणून जे शिकली तेच सोडून देशील, त मग माझे बोटं कायले गेले? धानासाठी गेले म्हणू, की तुझ्या भीतीसाठी?

नाही सोडू देणार. तुझी लाज जावी असं मले वाटत होतं, ती गेली. तुझं वाजवणं जावं असं मले कधीच वाटलं नाही, कारण त्यातलं अर्धं माझं आहे. तू गज ओढते तेव्हा मनगट वाकवते ना, ते मी शिकवलं तुले, तलावाच्या पाळीवर. ते तू पेटीत बंद करून टाकशील, हे मी पाहत बसणार नाही.

तुझ्या हातात भीती नाही. एक जागा कच्ची आहे, अन् ती मी झाकत आली म्हणून तुले दिसली नाही. 'रोवणी'चा कागद पेटीत आहे, त्याच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवला. तेवढंच घोट. बाकी तू माझ्यापेक्षाही छान वाजवते, हे लिहिताना दात-ओठ खाऊन राहिली पण लिहिते.

योगेंद्र उद्या सरांना भेटायले येऊन राहिला, पेटी त्याच्या हाती पाठवते. तारा मी जुळवल्या. जुळवल्या की ऐकून पाहावं लागते, म्हणून व्हायोलिन खांद्यावर घेतलं, गज ओढला. डावा हात तारांवर ठेवला. मग खाली घेतला अन् पेटी लावून टाकली.

पाडव्याले सर पुन्हा गोदामात खुर्च्या मांडणार आहेत. निर्मला मॅडमले बोलवायचं की नाही ते तू ठरव. साथीले मी बसणार, तुझी ही कोशाची ओढणी घेऊन. कागद ठेव की काढ, तुझं तू पाहा. चुकली त मी तुझ्यामागे येणार नाही. बरोबर वाजवलं त शेवटच्या सुरापर्यंत सोबत असीन.

पण वाजवायच्या आधी एक काम. आई, कवडूकाका, सर, काकू, सगळे बसले असतील. त्यायच्यासमोर उभी राहून सांग, त्या दिवशी तुले ताप नव्हता. मग मीही उभी राहीन अन् स्टँडचं सांगीन. आधी तू.

अन् पाडव्याच्या सकाळी अंग तापलं म्हणून निरोप पाठवू नको. यावेळी मी नागपूरले येऊन कपाळाले हात लावून पाहीन.

डावा हात.

गुंजन