समुद्रातल्या बांगड्या

आमचे साडभाऊ श्री. वामनराव यांना नागपूरहून मधुकररावाचा रामराम. तुमचा गुडघा आणि गोपिकाताईंचा खोकला आपापल्या जागी असतीलच (दोघंही हलायचं नाव घेत नाहीत, हे ठाऊक आहे). इकडे आम्ही मजेत.

तुमच्या बंदरासमोर समुद्रात तेल शोधणार आहेत आणि त्याने पर्यावरणाचं काय होईल, हे ठरवायचं काम आमच्या सीताबर्डीच्या कचेरीकडे आलंय. हसू नका. समुद्रापासून इतक्या लांब राहणारा माणूसच त्याच्याबद्दल निःपक्षपाती राहू शकतो. अहवाल आमच्या हर्षाने लिहिला. ती पोरगी महिनाभर तुमच्याकडच्या होड्यांतून ओकत फिरली. मी फक्त गावकऱ्यांसाठीचा मराठी सारांश तपासला. (शुद्धलेखनात माझा हात धरणारा अख्ख्या विदर्भात नाही.) त्यात जागोजागी ‘बांगडा’ लिहिलेलं. मी सगळीकडे ‘बांगडी’ केलं. ‘बंदरावर बायका टोपल्यांतून बांगड्या विकतात’ हे किती बरं दिसतं! पुढे ‘बांगडा अंडी घालतो त्या तीन महिन्यांत तेल शोधण्यासाठी पाण्यात आवाजाचे स्फोट करू नयेत’ असं वाक्य होतं. ते कुठल्याही शहाण्या माणसासारखं मी खोडलं आणि पदरचं लिहिलं, ‘स्फोटांनी बांगड्या फुटण्याचा संभव नाही, तरी महिलांनी खबरदारी म्हणून काढून ठेवाव्यात.’

छापून आल्यावर हर्षा डोक्याला हात लावून बसली. “सर, बांगडा मासा होय!”

“मंग मले पहिले काहून नाही सांगितलं वं?”

“तुम्ही विचारून राहिले होते का?”

आमचे साहेब मनोहरराव मात्र शांत. “राहू दे गा, समुद्र काय वाचून राहिला?” म्हणाले. ती ओळ गेल्याने तेलवाल्यांचे तीन महिने वाचले, ते खूश, आणि माझ्या बढतीची बोलणी सुरू आहेत. सारांश, सारांश उत्तम आहे. ताईंना नमस्कार.

आपला,
मधुकर

ता.क. जनसुनावणी मंगळवारी तुमच्या शाळेच्या पटांगणात आहे. गुडघा घेऊन जा. कोळणींना पुढे बसवा आणि ते बांगड्यांचं पान त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा. गावाची लेखी हरकत आली तरच सारांश बदलून सुनावणी पुन्हा घेतात. कचेरीतून ओरडून उपयोग नसतो (दोनदा ओरडून पाहिलं). माझं नाव घेऊ नका. ‘कोणीतरी अडाणी’ म्हणा, आमच्याकडे उमेदवार पुष्कळ आहेत.

ता.क. २ हर्षाचं मूळ वाक्य सोबत जोडलंय. हरकतीत जसंच्या तसं उतरवा. शुद्धलेखन तपासू नका.