स्पिरिटनं न गेलेला डाग

३ फेब्रु.
सरांनी गृहपाठ पुन्हा परत केला. व्हॉट्सॲपवर दोनच ओळी. "मुका मार वाटत नाही, भरताचं वांगं वाटतं. खरा मार नीट बघा, मग करा." नागपुरात बसून सिनेमाच्या मेकअपचा ऑनलाइन क्लास चालवणाऱ्याला बोलायला काय जातं. मी दिग्रसमध्ये कोणाला मारून बघू?

आईचं वेगळंच. "लोकं तोंड चांगलं कराले पैसे देतेत. बिघडवाले कोन देईन व?"
म्हटलं, सिनेमावाले.
"मंग थे दिग्रसले येऊन राह्यले का?"
पार्लरला गेले. दोन नवऱ्या रंगवल्या. दोघींना गोरंच व्हायचं होतं.

६ फेब्रु.
दिवाळीतला व्हिडिओ अजून लोक बघतात. माझं तेवढं एकच चाललं. ताई माहेरी आली होती, तिच्याच दंडावर मुका मार काढला होता. शेवटी मी ऐटीत म्हणते, "पाण्यानं जात नाही, तेलानं जात नाही, फक्त स्पिरिटनं जातो!" ताई हसतेय मागे. हसताना तिचा खालचा ओठ वाकडा होतो, लहानपणापासून.

९ फेब्रु.
ताई आली. बाभुळगावहून, एकटी, न सांगता. हातात फक्त पर्स. एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज.
आंघोळीनंतर पाहिलं. डाव्या दंडावर चार बोटं उमटलेली, खांद्यामागे तळहाताएवढा डाग. मधे जांभळा, मग हिरवट, कडेला पिवळा.
मला आधी रंग दिसले. ताई नंतर दिसली. इतकी लाज कधीच वाटली नव्हती.
"भाऊजींनी?"
"मंग कोनं? भितीनं?"
फोटो काढ, असं तीच म्हणाली. काढले. दोन हलले.

१० फेब्रु.
मी म्हटलं, आजच यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेऊ, डॉक्टरचं लिहून घेऊ. बाबा म्हणाले, "दवाखाना म्हनलं का पोलिस आलेच. आपसात बसू." मग मोठ्या बाबांना फोन. थोरला भाऊ बोलला की आमचे बाबा मान डोलावतात, जन्मभर तेवढंच केलं. ठरलं, रविवारी दोन्हीकडची बैठक. तोवर ताईनं गप्प राहायचं. म्हणजे नेहमीचंच.
फोटो मोठ्या बाबांनी मागून घेतले आणि सासरी पाठवले. "त्यायले समजू द्या आपल्यापाशी काय हाये थे."
समजलं त्यांना. तयारी करून आले.

रविवार
झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या घरातलेच म्हणतील असं झालंच नव्हतं.
सतरंजी, चहा, चिवडा. जणू बघायला आलेत. भाऊजी मान खाली घालून चिवडा खात होते. ताईच्या सासूबाईंनी मोबाइल काढला, माझा व्हिडिओ लावला, सगळ्यांपुढे फिरवला.
"पाहा. हे दिवाळीचं हाये. हाच हात, हाच डाग. यायचीच पोरगी काढते."
खोलीत माझाच ऐटीतला आवाज. पाण्यानं जात नाही, तेलानं जात नाही.
मोठे बाबा माझ्याकडे वळले. "काय व पोरी?"
त्यांनासुद्धा वाटलं! रक्ताच्या माणसाला! मी उठले, मेकअपच्या पेटीतून स्पिरिट आणलं, कापूस आणला. म्हटलं, घ्या, पुसून पाहा. कोणी हात लावेना. शेवटी मीच घासलं. दुखत असणारच, पण ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "घास. अजून जोऱ्यानं घास."
कातडी लाल झाली. डाग तिथंच.
सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आता याच्याहून पक्का रंग आला असन."
त्यांच्याकडचा एक जण हसला.
मोठ्या बाबांनी निकाल दिला. "पोरीयच्या गमतीपायी घर तुटाले नोको." ताई त्यांच्याच गाडीत बसून गेली. बाबा गाडीपर्यंत पोचवायला गेले, जावयाला पान दिलं.

२० फेब्रु.
व्हिडिओ काढून टाकला. आता काय उपयोग, साप निघून गेल्यावर भुई धोपटणं.
गृहपाठ पुन्हा केला, स्वतःच्या मांडीवर, फोटो न बघता. गरजच पडली नाही. सरांचं उत्तर लगेच: "उत्तम! पिवळी कड अप्रतिम. आता बघून केलंत." पुण्यात एका मालिकेसाठी नाव सुचवतो म्हणाले.
तीन वर्षं या एका वाक्यासाठी मरत होते. आलं, आणि मला ते परत करावंसं वाटलं.

२ मार्च
सासूबाईंचा फोन आईला. ताईच्या नणंदेचं लग्न आहे. "नवरीच्या मेकअपले पिंकीलेच पाठवा, तिचा हात चांगला हाये."
आई खूश. "पाहा, काहीच राग नाही त्यायच्या मनात."
त्यांच्या मनात!
मी नाही म्हणणार होते. संध्याकाळी ताईचा मेसेज आला. "ये. कातडीच्या रंगाचं झाकाले घेऊन ये. या टाइमले मानेवर हाये. लग्नात सगळे पाह्यतीन."

३ मार्च
पेटी भरली. फाउंडेशन, ब्रश, पिना, नवरीचं सगळं. कन्सीलर दोनदा आत टाकलं, दोनदा बाहेर काढलं. झाकलं तर ते सुटले. नाही झाकलं तर म्हणतील, बहिणीनंच रंगवली, भर मांडवात.
माझ्या हातांवर कोणाचा विश्वास नाही, ठीक आहे. डॉक्टरच्या हातावर ठेवतील.
ताईला लिहिलं, "उद्या मले घ्याच्या निमित्तानं बाभुळगावच्या स्टँडवर ये. तिथून आधी यवतमाळच्या दवाखान्यात जाऊ. मग लग्नात."
तिनं वाचलं. उत्तर नाही.

४ मार्च, सकाळ
अजून नाही. बाबा विचारतात, बसस्टँडवर सोडू का. हो म्हटलं. पेटी दाराशी आहे. कन्सीलर टेबलावरच राहू दिलं.