ताइस्तोच्या खोलीला दार नाही

रांतासाल्मी, १२ सप्टेंबर

ती. हिल्काताईंना ओन्नीचा सादर नमस्कार.

स्वीडनच्या हवेत तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे माझी कंबर गेली, उर्पोचे दात गेले, बटाटे जमिनीतच सडले आणि पाऊस ऑगस्टपासून थांबायचं नाव घेत नाही. बाकी सर्व क्षेम. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असाल. फोन केला असता, पण फोनवर बोलावं लागतं.

तर, तुमचा धाकटा भाऊ. साखरेच्या आजारानं ताइस्तोचे दोन्ही पाय वसंतात कापावे लागले, हे कुणी ना कुणी कळवलं असेलच. आता मूत्रपिंडंही थकलीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळं गोठेपर्यंत निभेल. (त्या हेलसिंकीच्या, तळं कधी गोठतं हे त्यांना ठाऊक नाही. आम्हाला आहे.) दवाखान्याच्या खिडकीतून त्याला फक्त उभ्या केलेल्या मोटारी दिसतात. म्हणून मी आणि उर्पोनं ठरवलं की काठावरच्या आपल्या मासेमारीच्या खोपटाला एक खोली जोडायची. त्याचा पलंग मावेल एवढी, आणि पडल्या पडल्या पाणी दिसेल अशी आडवी खिडकी. (ठरवलं म्हणजे एका सकाळी उर्पो फळ्या घेऊन आला आणि मी हातोडा शोधायला लागलो.)

तीन आठवडे आम्ही चकार शब्द न काढता काम केलं. काम करताना बोलणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. शेवटची फळी मी बाहेरून ठोकली तेव्हा उर्पो आत होता. मला वाटलं, हा सरपणाला गेला. त्याला वाटलं, ओन्नीच्या डोक्यात काहीतरी असेल. दोन तास तो आत थर्मासमधली कॉफी पीत बसला आणि शेवटी खिडकीतून निघताना पोटाशी अडकला. मी त्याला हात धरून ओढला, तेव्हा त्या महिन्यातलं पहिलं वाक्य तो बोलला, "लेका, दार कुठाय?"

दार जुन्या खोपटातून पाडायचं होतं. विसरलो असं लिहिलं तर सोपं होईल, पण विसरलो नव्हतो. मी ते उर्पोवर सोडलं आणि उर्पोनं माझ्यावर. खोपट आणि नवी खोली यांच्या मधल्या भिंतीच्या निम्म्या भागात चूल आहे. उरलेल्या निम्म्यात त्या हाउकी माशाचा आकार, मासा भिंतीला टेकवून कडेनं पेन्सिलीनं गिरवलेला, शेपटीपासून जबड्यापर्यंत एक मीटर एकवीस. चाळीस वर्षं ताइस्तो येईल त्या पाहुण्याला सांगत आलाय की हा आपण एकट्यानं कसा ओढला. (मी हे इतक्यांदा ऐकलंय की माझेच हात दुखतात.) तो जिवंत असताना त्या माशाच्या पोटातून करवत घालायला आमचा हात धजत नाही. तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण, तेव्हा परवानगी तुम्हीच कळवावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. थोरांना नमस्कार, आणि गुडघ्यांना जपा.

तुमचा,
ओन्नी

ता. क. उर्पो म्हणतो, अर्धवट लिहू नकोस. परवा दवाखान्यात त्यानं ताइस्तोला विचारलं होतं. (स्वतःहून. उर्पोनं!) ताइस्तोनं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मला काय विचारता गाढवांनो? मासा हिल्कानं पकडला. मी नुसता वल्ही मारत होतो. तिला विचारा."

आणखी ता. क. परवानगी पत्रानं पाठवू नका, ताई. वडिलांच्या शेताच्या वाटणीपासून तुम्ही दोघं बोलत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. स्टॉकहोमहून संध्याकाळी जहाज सुटतं, सकाळी तुर्कूला लागतं. उर्पो धक्क्यावर गाडी घेऊन उभा राहील. वाटेत तो काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका, चालेल. ताइस्तो रोज एकच विचारतो, "हिल्काला कळवलंत का?" खोलीचं त्यानं अजून एकदाही विचारलेलं नाही.