बाबा मागे झोपलेले असताना

मंगळवार, ५ मार्च

आज सकाळी पहिल्या पाळीची माणसं कारखान्यात सोडून घरी आलो, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, बाबांना दवाखान्यात शेकाला न्यायला आमच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं — आणि शाळेपुढच्या गतिरोधकावर ब्रेक लावलाच नाही.

चुकून नव्हे. दिसला होता. पांढरे पट्टे अजून ताजे आहेत. पाय ब्रेकवर होता. तो उचलला.

मागून आवाज आला. ओरडणं नव्हे. भरल्या पोत्यावर कुणी पाय द्यावा तसा. मग बाबा म्हणाले, "शॉकअप गेलेत तुझे. दाखवून घे."

"हो बाबा."

बायको त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ते दोन्ही हातांनी सावरून धरलं.

गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, मनातलं विष कागदावर उतरलं की निम्मं होतं. म्हणून लिहितोय. बघू.

गुरुवार, ७ मार्च

परत. या खेपेला टायरवाल्याच्या दुकानासमोरचा.

शॉकअप उत्तम आहेत.

शनिवार, ९ मार्च

डॉक्टर आज मलाच बाजूला घेऊन म्हणाले, "मणक्याला तडा आहे. शेक देऊन काय उपयोग, वाटेत धक्के बसत असतील तर? गाडी जरा हळू आणा."

हे मला सांगतात! कारखान्याची बस चालवतो मी. पहाटेची माणसं माझ्या बसमध्ये घोरतात. गतिरोधक कधी आला न् कधी गेला, कुणाला पत्ता लागत नाही. उतरताना एक जण नेहमी म्हणतो, "मामा, घरी बायको झोपू देत नाही, तुम्ही तरी देता!"

ही कला बाबांचीच. त्यांचा ट्रक होता. मला मिसरूड फुटलं न फुटलं तोच त्यांनी चाक माझ्या हाती दिलं आणि स्वतः केबिनमध्ये माझ्यामागच्या फळीवर झोपायला लागले. झोपताना हातात चाकाचा पाना. धक्का बसून झोप मोडली की पाना माझ्या मानेवर. "बाप झोपलाय मागं, दिसत नाही?" एकदा रक्त शर्टात उतरलं. म्हणाले, "शर्ट धुऊन टाक. आईला दाखवू नकोस." आईनं पाहिलंच. तिनं तो शर्ट पुन्हा धुतला आणि वाळत घातला. बस्.

गतिरोधक तिरका घ्यायचा. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं. चढायच्या आत ब्रेक सोडायचा, क्लच अर्धा. लोक हे हातापायांनी शिकतात. मी मानेनं शिकलो.

आता पुन्हा बाबा मागे झोपतात आणि मी पुढे चालवतो. पाना मात्र त्यांच्या हातात नाही.

मंगळवार, १२ मार्च

टायरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. त्याच्या बाकड्यावर बसून गंमत बघत होतो. नवी गाडीवाला गतिरोधकापाशी असा थबकतो, जणू खाली उतरून त्याला वळसा घालणार. मोटारसायकलवाली पोरं गटाराच्या कडेनं सटकतात. रिक्षावाल्याचं तर अजबच! रिकामी रिक्षा जपून नेतो, भरलेली आपटतो. माणसं काय, उतरून जातात. रिक्षा घरी न्यायची असते.

टायरवाला म्हणाला, "देवळापुढे वाकणार नाहीत साले, पण माझ्या दारात सगळे वाकतात!"

"आणि जे वाकत नाहीत ते?"

"ते परत येतात. चालत!"

दोघंही हसलो. मग पंप काढता काढता तो म्हणाला, "परवा तुम्ही न वाकताच गेलात, ड्रायव्हरसाहेब. म्हातारा मागं होता ना?"

मी हसत राहिलो. तो हसत नव्हता.

गुरुवार, १४ मार्च

बायको अखेर बोलली. पोळपाट धुताना, माझ्याकडे पाठ करून.

"अहो, बस तुम्ही अशी चालवत नाही."

"मग?"

"मग काही नाही. शनिवारपासून मी येणार नाही. त्यांच्या बाजूला उशा लावा. मला ते कण्हणं ऐकवत नाही. आणि धक्का बसला की तुम्ही आरशात बघता ना, ते तर मुळीच बघवत नाही."

मी आरशात बघतो, हे मला ठाऊकच नव्हतं!

शनिवार, १६ मार्च

उशा लावल्या. दोन्ही गतिरोधक. जाताना आणि येताना. आरशात पाहिलं.

रविवार, १७ मार्च

देवापुढे बसलो. क्षमा मागायची, तर ती मनातून हवी असायला लागते. मला नकोय. त्याच्यापुढे खोटं कसं बोलणार? उठलो. दिवा तसाच, न लावलेला.

मंगळवार, १९ मार्च

शाळेपुढे आज चांगलाच जोर लावला. बाबा कण्हले आणि मग — हसले!

"मुद्दाम गाडी घालतोस त्यावर."

"हो."

जन्मात पहिल्यांदा त्यांना नुसतं 'हो' म्हणालो. पुढे 'बाबा' नाही.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. शॉकअप गेलेली गाडी आपटल्यावर डुलत राहते. तुझी डुलत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, काढू दे उट्टं. मी तुला मारलं, तू मला मार. मन भरलं की सांग, फिटलं म्हणून. एवढंच ऐकायचंय. मग मरायला मोकळा."

मी गाडी बाजूला घेतली. मागून गाड्या आपटत, थबकत, कडेनं सटकत जात होत्या. बाबा डोळे मिटून म्हणाले, "पण घालायचा तर नीट घाल रे. असा काय बायकी घालतोस! मी काय असा मारायचो तुला?"

बुधवार, २० मार्च

दिवसभर बस चालवली. मागे सगळे झोपलेले. दुपारी काय करायचं ते ठरलं.

बायकोला म्हणालो, "उद्या मागे बस त्यांच्यापाशी. आता धक्का बसणार नाही."

"नक्की?"

"फुलासारखं नेईन."

ती हसली. किती दिवसांनी! मला गरम भात वाढून म्हणाली, "देवानंच बुद्धी दिली."

गुरुवार, २१ मार्च

सगळे गतिरोधक तिरके घेतले. आधी एक चाक, मग दुसरं. टायरवाल्यानं दुकानातूनच हात जोडले. बायको म्हणाली, "बघा बाबा, किती जपून नेतात तुम्हाला."

बाबा म्हणाले, "घाल रे." शाळेपाशी पुन्हा, "घाल की!" येताना रडत होते. बायकोला वाटलं, समाधानानं.

त्यांना कळलंय. धक्का नाही, तर फिटणंही नाही. आता असंच न्यायचं, शेवटपर्यंत.

घरी येऊन दिवा लावला.