माकडटोपीतल्या मधमाश्या आणि दुसरी शेगडी

पश्चिम मांबलम, चेन्नई
मार्गशीर्षातला एक ओला मंगळवार

ती. कनकाअक्कांना रंजनीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे वाचालच. तुमचे गुडघे कसे आहेत? तंजावरच्या घरात अजून एकट्याच जिना चढता ना? (फोनवर हे विचारलं की नेमकं तेव्हाच तुम्हाला ऐकू येईनासं होतं, म्हणून पत्र.)

तर तुमचे बंधू. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, गाण्याच्या सभांना जातात; यांनी गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. दोन्ही अशक्त. यंदाचा पाऊस संपता संपेना, बाहेर फूल नाही, माश्या आत बसून साठवलेला मध खात होत्या. यांनी कुठल्याशा थंड देशातलं पुस्तक वाचून निदान केलं, की माश्यांना थंडी बाधते आहे. आता चेन्नईची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पंखा पाचावरून तीनावर आणला की झाली थंडी! पण ज्या गावात डिसेंबर लागला की दूधवाल्यापासून जजसाहेबांपर्यंत सगळे माकडटोपी चढवतात, तिथे यांना समजावणार कोण? दोन्ही पेट्यांना कांबळी गुंडाळली आणि वर एकेक माकडटोपी घातली (एक स्वतःची, दुसरी माझ्या बाबांची, मी आठवण म्हणून जपलेली). तासाभरात माश्या गुदमरून दाराबाहेर लोंबकळू लागल्या. यांना वाटलं, आभार मानायला आल्या. टोपी सारखी करायला गेले आणि नाक सुजवून परत आले.

मग मीही मैदानात उतरले. उपाशी पाहुण्याला आपल्याकडे काय देतात? पानक. गूळ, सुंठ, वेलदोडा, सगळं साग्रसंगीत करून वाटीभर पेटीत ठेवलं. गूळ माश्यांच्या पोटाला मानवत नाही, हे मला कुठून ठाऊक असणार? शेजारच्या व्यंकटमामांना ते दुपारी कळलं. सभेला नेसायची त्यांची पांढरीशुभ्र वेष्टी गच्चीवर वाळत होती, तिच्यावर पिवळे ठिपकेच ठिपके. "एन्न मामी इदु?" हे काय, म्हणून ते जे ओरडले ते तुम्हाला तंजावरला ऐकू आलं असेल (तेवढं मात्र येतं तुम्हाला). काल हळदीकुंकू होतं, हळद उडाली असेल, असं सांगून मी वेळ मारून नेली.

शेवटी मधमाश्यांचा वर्ग चालवणारी महालक्ष्मी येऊन गेली. तिने टोप्या काढल्या, पानक पुसलं, साखरेचा घट्ट पाक द्यायला सांगितला आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला लावल्या. शिवाय म्हणाली, दोन दुबळ्या पेट्या वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही जातील, एकत्र करा. एकावर एक ठेवायच्या आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद. तो कुरतडेपर्यंत एकमेकींचा वास ओळखीचा होतो, मग भांडण होत नाही. मात्र राणी एकच ठेवायची. हे ऐकून तुमच्या बंधूंचा चेहरा उतरला. ज्या माणसाला वांगं की भेंडी हे ठरवता येत नाही, त्याने राणी निवडायची! धड जेवले नाहीत हो. अखेर धूर देऊन पेट्या उघडल्या, तर एकीत राणीच नव्हती. कधी गेली कोण जाणे. बिचाऱ्या माश्या आपल्या रोजच्यासारख्या आत-बाहेर करत होत्या. मला गच्चीवरच रडू आलं. (डोळ्यांत धूर गेला, असं यांना सांगितलं.) आता कागद कुरतडून झाला आहे आणि दोन्ही पेट्यांतून मिळून एकच गुणगुण ऐकू येते.

प्रकृतीला जपा. व्यंकटमामांनीही नमस्कार सांगितला आहे, नवी वेष्टी मिळाल्यावर.

तुमची भावजय,
रंजनी

ता. क. मागच्या खेपेला माझ्या रसमात मिरी जास्त झाली म्हणून तुम्ही तिसऱ्या दिवशी तंजावरची गाडी धरलीत. मागच्या खोलीत दुसरी गॅसची शेगडी बसवून घेतली आहे. मध्ये दार आहे. हवे तितके दिवस लावून ठेवा.

आणखी एक ता. क. हे सगळं तुमच्या काळजीपोटी लिहिलं असं समजून तुम्ही "मी ठणठणीत आहे" असं कळवाल, म्हणून स्पष्टच लिहिते. अनन्या सासरी गेल्यापासून हे गच्चीवर असतात आणि मी खाली भिंतींशी बोलते. बिनराणीची पेटी तंजावरला नाही अक्का, इथे आहे. या.

शेवटचा ता. क. मिरीचा डबा तुमच्याच ताब्यात राहील.