सरकंड्यातून परत आणलेला

बाबा, तुमच्या वह्या मी अखेर वाचल्या. आई होती तोवर त्यांना हात लावला नव्हता. खाकी पुठ्ठ्याच्या तीन वह्या, खिशात मावतील एवढ्या, एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवरच्या मोर्च्याच्या खंदकात बसून लिहिलेल्या. तुम्ही फौज सोडून कोराडीच्या वीज केंद्रात सुरक्षा अधिकारी झालात, तेव्हा त्या आपल्याबरोबर क्वार्टरमध्ये आल्या. दिवाळी झाली की आई त्यांना मागच्या खोलीत खिडकीशी ऊन द्यायची. अंगणात ठेवायची नाही, कारण बाहेर वाळत घातलेल्या चादरीवरसुद्धा तासाभरात केंद्राची राख बसायची. उन्हातून काढून ती वह्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधायची आणि पेटीत कडुनिंबाच्या पाल्याखाली ठेवायची. मी एकदा विचारलं, यात काय लिहिलंय? ती म्हणाली, "मले नाही माहीत. त्यांनी जपायले दिल्या, वाचायले नाही." तुम्ही गेल्यावरही तीसेक वर्षं तिने हे केलं. मागच्या वर्षी ती गेली आणि पेटीची किल्ली माझ्याकडे आली.

वाचायला बसले तेव्हा मला सगळ्यात आधी तो निबंध आठवला. मी सहावीत होते. 'माझे बाबा' असा विषय होता, आणि मी लिहिलं होतं की शत्रूचे सैनिक भेकड होते म्हणून पळाले, माझ्या बाबांचा एकही जवान पळाला नाही. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई पोळ्या लाटते आहे, आणि मी वही पुढे धरून शाबासकीची वाट पाहते आहे. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "हे वाक्य खोड." मी म्हटलं, का? खरंच तर आहे. तुमचा आवाज चढला नाही, पण तो तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. "भेकड कोणाला म्हणतात ते तुला कळत नाही, मलाही कळत नाही. खोड म्हटलं ना." मी खोडलं नाही. तुम्हीच माझ्या हातातून पेन घेतलंत आणि त्या वाक्यावर काट मारलीत. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

त्याचं कारण दुसऱ्या वहीत सापडलं. तुमचं अक्षर तिथे बारीक आणि तिरकं झालं आहे, बहुधा गुडघ्यावर ठेवून लिहिलं असावं. "सकाळच्या हजेरीत एक जण कमी. उमरेडकडचा. मी एकटाच शोधायला गेलो. मागच्या नाल्याजवळ सरकंड्याच्या गवतात बसलेला सापडला. रायफल जवळ, साफ पुसलेली. म्हणाला, साहेब, पाय ऐकत नाहीत. थोडा वेळ त्याच्याजवळ बसलो. समजूत घातली, परत आणला, चहा पाजला. वर काही कळवलेलं नाही, कळवणार नाही." लगेच खाली, दुसऱ्या दिवशीचं: "दुपारी त्याच्या मोर्च्यावर गोळा पडला. तो जागीच गेला." त्यानंतर चार ओळी खोडल्या आहेत, इतक्या जोरात की निबेने कागद फाटला आहे. मी तो कागद उजेडासमोर धरून पाहिला, भिंग लावून पाहिलं. एकही अक्षर लागलं नाही.

पलटणीच्या संग्रहालयाने वह्या मागितल्या. त्यावरून इथल्या एका वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, तीत वह्यांमधल्या जवानांच्या गावांची नावं होती. आठवड्याभरातच एक म्हातारी बाई दारात उभी राहिली. ऐंशीच्या आसपासची, उमरेडहून एसटीने एकटी आलेली, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते कात्रण. त्या जवानाची ती थोरली बहीण. "बाई, माह्या भावाचं नाव हाय का जी त्याच्यात?"

मी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून ठरवलं की तिला अर्धंच वाचून दाखवायचं. गावच्या शाळेत त्याचा फोटो आहे, दर सव्वीस जानेवारीला हार घालतात, हे तिने चप्पल काढता काढताच सांगितलं होतं. मी वही उघडली, पानाच्या कडेला लिहिलेलं त्याचं नाव तिला दाखवलं, आणि "दुपारी त्याच्या मोर्च्यावर गोळा पडला, तो जागीच गेला" एवढंच वाचलं. तिला अक्षरओळख नाही. पण तिने पानावर बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"इतकंसं कसं? पान तं भरलं हाय."

मग मला सगळं वाचावं लागलं. सरकंडं, रायफल, पाय ऐकत नाहीत, चहा, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल. ती म्हणाली, "भेत होताच तो लहानपणापासून. आमच्या घरी माग होता. दिवाळीत फटाके फुटले का हा मागाच्या खड्ड्यात जाऊन बसे. मी हात धरून बाहेर काढो." फाटलेल्या जागेवर तिचं बोट थांबलं. "इथं काय लिहलं हाय?"

"खोडलंय. वाचता येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमच्या बाबानं त्याले वापस काहून आणलं?"

मी गप्प बसले. ती पुढे म्हणाली, "जाऊ द्यायचं होतं. जेलात टाकलं असतं, टाकू द्या. गावातले लोकं हासले असते, हासू द्या. भाऊ तं असता ना मले."

त्या पानाची झेरॉक्स काढून देते म्हटलं तर नको म्हणाली. घरी कोणी वाचलं की गावभर होईल, आणि शाळेतल्या फोटोचा हार बंद होईल. मी तिला गणेशपेठेच्या स्टँडवर सोडायला गेले. बसमध्ये चढताना तिने माझा हात दाबला. "तुम्ही वाचून दाखवलं, बरं केलं. इतके वर्सं मले वाटे, तो भ्यायला नसन. आता तो माहाच भाऊ वाटते."

बाबा, तुमची बाजू मला समजते. परत आणला नसता तर त्याच्यावर खटला झाला असता, पळपुटा म्हणून तो घरी आला असता, आलाच असता तर. तुमच्या हाताखाली इतरही होते, त्यांचा विचार तुम्हाला होता. दुसऱ्या दिवशी काय होणार हे तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही त्याला वाचवायलाच गेला होतात, एकटे गेलात ते त्यासाठीच. हे सगळं मला तिथे सोफ्यावर बसून तिला सांगता आलं असतं. तुमची मुलगी म्हणून सांगायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी शाळेत शिकवलं आहे, बोलायला मी अडत नाही.

वह्या पुढच्या सोमवारी संग्रहालयाकडे जातील. हा कागद त्यांच्यात ठेवणार नाही, तिथे कोणीही वाचेल. मला एवढंच कबूल करायचं आहे की त्या दिवशी मी शब्द सापडले नाहीत म्हणून गप्प बसले नव्हते. तिने विचारलं तेव्हा मलाही तुमच्याकडून त्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि त्या घटकेला मी तिच्या बाजूने होते.